१४ महिन्यांनंतर: फ्लोरेन्सहून आणलेली बॅग आणि तिच्या पट्ट्याची कड

मे महिन्यात ठाण्याहून दादरला एका लग्नाला निघाले होते. गाडीतून उतरताना नवरा म्हणाला, "खांद्याला काय लागलंय तुझ्या?" मोतिया रंगाच्या चंदेरीवर वीतभर तपकिरी रेघ. आधी वाटलं गाडीच्या दाराचं ग्रीस असेल. मग बॅगेचा पट्टा हातात घेतला, तर त्याची कड बोटाला चिकटली. गूळ हातात धरल्यावर चिकटतो, तशी.

ही बॅग ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीत, फ्लोरेन्सच्या व्हिया दे तोर्नाबुओनी या रस्त्यावर घेतली होती. किंमत १,९५० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेदोन लाखांच्या वर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मिलानो, कोमो आणि फ्लोरेन्स असा सात रात्रींचा प्रवास आम्ही केला. त्यासाठी चार वर्षं वेगळी आरडी चालवली होती. ब्रँडचं नाव लिहीत नाही. मॉडेल ओळखणारे फोटोवरून ओळखतील. आकार, कप्पे, चेन याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला सांगायचं आहे ते कडेबद्दल.

चार महिने झाल्यावर, फेब्रुवारीत, मी या बॅगेबद्दल पहिल्यांदा लिहिलं होतं आणि पाचपैकी पाच दिले होते. ते मनापासून होतं. शिवण एकसारखी, चेन लोण्यातून सुरी फिरावी तशी, लॅपटॉप घालूनही तळ खाली झुकत नाही. लोकलमध्ये नेली नाही, पण रिक्षा, ऑफिस, बँक सगळीकडे नेली. त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. कडेबद्दल मात्र मी तेव्हा एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण तिच्याकडे पाहायचं असतं हेच माहीत नव्हतं.

चामड्याची पट्टी कापली की कापलेली बाजू उघडी पडते. तिचं तीन प्रकारे करता येतं. चामडं आत दुमडून शिवायचं, किंवा कड घासून-घासून गुळगुळीत करायची, किंवा तिच्यावर रंगाचे थर द्यायचे: एक थर, वाळवण, पॉलिश पेपर, पुन्हा थर. महागड्या बॅगांवर बहुतेक ठिकाणी तिसरा प्रकार दिसतो, कारण त्याने रेषा अगदी स्वच्छ येते. पण हा रंग म्हणजे चामड्यावर बसवलेलं प्लास्टिकचं आवरण असतं. त्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत आणि उकाड्यात हळूहळू विघटित होतं, मऊ पडतं, चिकट होतं. ठाण्याचा मे महिना त्याला पुरेसा आहे.

माझं माहेर कोल्हापूरचं. मे अखेरीला आईकडे गेले तेव्हा बॅग गल्लीतल्या चप्पलवाल्या काकांना दाखवली. त्यांच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला करतात. त्यांनी चष्मा वर केला, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "ह्यो रंग वरनं थापलाय ताई, कातड्यात मुरलेला न्हाई." कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवतात. कड उघडीच असते, तिच्यावर काही थापलेलं नसतं. नवी चप्पल तेल पाजून घातली की कड आणखी काळपट, आणखी घट्ट होत जाते. फ्लोरेन्सच्या टस्कनी प्रांतातही, सान्ता क्रोचे सुल्लार्नो या गावाच्या परिसरात, चेस्टनट, मिमोसा, केब्राचो या झाडांच्या टॅनिननेच, म्हणजे तुरट अर्कानेच, चामडं कमावतात. काम तेच, झाडं वेगळी. माझी बॅग मात्र त्या चामड्याची नाही. ती क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेली आहे. जगातलं बहुतेक चामडं तसंच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. माझी तक्रार चामड्याबद्दल नाहीच, कडेबद्दल आहे.

त्याच ब्रँडच्या मुंबईच्या दुकानात गेले. पाणी दिलं, कॉफी विचारली, बॅग पांढऱ्या हातमोज्यांनी उचलली. दहा दिवसांनी फोन आला: "मॅम, ही वापरामुळे आणि हवामानामुळे झालेली झीज आहे. दुरुस्ती होईल, १४,५०० रुपये आणि दहा ते बारा आठवडे." मी विचारलं, मुंबईत दुकान उघडताना मुंबईचं हवामान ठाऊक नव्हतं का? उत्तर आलं की खरेदी इटलीतली आहे, त्यामुळे त्यांना एवढंच करता येईल.

इथे पैशांचा हिशेब सांगते, कारण बरेच जण "तिकडे स्वस्त मिळतं" एवढ्यावर जातात. इटलीत व्हॅट २२ टक्के आहे आणि तो छापील किमतीतच असतो. १,९५० युरोंत तो साडेतीनशेच्या आसपास बसतो. हा कर परत मिळावा म्हणून परताव्याचा फॉर्म भरला, रोमच्या विमानतळावर कस्टम्सचं डिजिटल शिक्कामोर्तब झालं, आणि कार्डावर आले २४० युरो. बाकीचे परतावा देणाऱ्या कंपनीच्या कमिशनमध्ये गेले. मुंबईत उतरल्यावर आम्ही रेड चॅनेलमधून, म्हणजे कस्टम्सला वस्तू दाखवून, आलो. तेव्हा माणशी ५०,००० रुपयांची सूट होती, दोघांची सूट एका वस्तूवर एकत्र करता येत नव्हती, आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के ड्यूटी. साधारण ४१ हजार भरले, पावती ठेवली. म्हणजे बॅग घरात पडली १ लाख ९६ हजारांच्या आसपास. मुंबईच्या दुकानात तीच २ लाख २५ हजारांना होती. वाचलेल्या २९ हजारांतले साडेचौदा आता दुरुस्तीला मागत होते. मला रात्री झोप लागेना.

हट्टाने वाचायला बसले. इटलीच्या ग्राहक संहितेत, कोदिचे देल कोन्सुमोमध्ये, कलम १३३ प्रमाणे वस्तूतल्या दोषाची जबाबदारी दोन वर्षं विक्रेत्यावर असते. कलम १३५ प्रमाणे पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं सर्वसाधारणपणे धरतात. तसं नाही, हे दाखवायचं काम विक्रेत्याचं. ब्रँडच्या स्वतःच्या वॉरंटीशी याचा संबंध नाही. माझी खरेदी ९ ऑक्टोबरची, दोष मे महिन्यातला. एक गोष्ट आठवणीने करा: तिथली पावती थर्मल कागदावर असते आणि आपल्याकडे सहा महिन्यांत पुसट होते. मी हॉटेलवरच तिचा फोटो काढला होता, म्हणून बचावले.

फ्लोरेन्सच्या दुकानाला इंग्रजीत ईमेल केला. सोळा दिवसांनी उत्तर आलं: दिलगीर आहोत, ही नैसर्गिक झीज आहे, कृपया जवळच्या दुकानात जा.

याच दिवसांत, जून २०२५ मध्ये, प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानोच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय कारागिरीचा संबंध मान्य केला. माझी बॅग त्या ब्रँडची नाही, तो राग वेगळा. पण माहेरच्या ग्रुपवर दिवसभर तेच चाललेलं असताना माझ्या हातात ती चिकट कड होती, आणि २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या त्या चपलेची उघडी कड मला जास्त शहाणी वाटत होती.

आता फ्लोरेन्सच्या हॉटेलबद्दल. फेब्रुवारीत मी हॉटेलला तीनच दिले होते. ते मत मी आज बदलते आहे.

आर्नो नदीच्या काठावरचं जुनं पालाझ्झो, म्हणजे वाडा, रात्रीचे ६४० युरो. वर फ्लोरेन्सचा मुक्काम कर माणशी रात्रीला ८ युरो, तो निघताना वेगळा. तीन रात्रींत दोघांचे ४८. नदीकडची म्हणून दिलेली खोली तिरकी होती. पोन्ते व्हेक्यो हा जुना पूल पाहायला खिडकीतून मान बाहेर काढावी लागायची. नाश्त्याला शाकाहारी म्हणून रोज तेच टोमॅटो आणि चीज. या दोन गोष्टींवर मी तेव्हा भरपूर लिहिलं, आणि कॉन्सिएर्जच्या, म्हणजे पाहुण्यांना हवी ती मदत करणाऱ्या, बाईंबद्दल एक वाक्य. कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांचा बिल्ला, वय साठीच्या जवळ. पहिल्याच संध्याकाळी मी बॅग दाखवली तेव्हा त्यांनी छान आहे म्हटलं, आणि मग हळूच सांगितलं की उद्या इथलं सान्ता क्रोचे चर्च बघायला जाल तेव्हा त्याच्या मागे स्कुओला देल कुओयो या चामड्याच्या शाळेत जा. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हाताला काम मिळावं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी आणि चामड्याच्या धंद्यातल्या दोन कुटुंबांनी १९५० मध्ये काढलेली ही शाळा. मठाच्या जुन्या इमारतीत आजही लोक बाकावर बसून शिवताना दिसतात. तिथे ९५ युरोंचं पाकीट घेतलं, त्यावर सोनेरी आद्याक्षरं उमटवून घेतली. त्याच्या कडा दुमडून शिवलेल्या आहेत.

जुलैत त्या बाईंनाच ईमेल केला. आपण राहून गेलो त्याला नऊ महिने झाले, त्या का म्हणून मदत करतील, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी माझं पत्र इटालियनमध्ये लिहून दिलं, दोन्ही कलमांच्या आकड्यांसकट. शेवटी एक ओळ घातली: ठरावीक दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पुढची कायदेशीर पावलं उचलण्याचा हक्क मी राखून ठेवते. त्यांनी सांगितलं, हे साध्या ईमेलने नको, रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच हवी. मी ठाण्याहून पाठवलं. आणि जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः माझे फोटो छापून घेऊन तोर्नाबुओनीवरच्या दुकानात गेल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. दुकानाच्या मॅनेजरच्या उत्तरातून कळलं.

चार दिवसांत उत्तर आलं. दुरुस्ती विनामूल्य, मुंबईच्या दुकानात द्या. ज्या मुलीने मला साडेचौदा हजार सांगितले होते तिनेच बॅग घेतली आणि मोकळेपणाने म्हणाली, "मॅम, मला खरंच बरं वाटलं." तिच्यावर माझा राग नव्हताच.

ऑक्टोबरमध्ये बॅग परत आली. कड पुन्हा रंगवलेली नाही, पट्टे पूर्ण नवे लावले आहेत. रंग अर्ध्या छटेने गडद, आणि ते मला चालतं. चंदेरीवरचा डाग ड्रायक्लीनिंगला दोनदा देऊनही गेला नाही.

पाकिटाबद्दलही खरं सांगते. जुलैत त्यावर पांढरी बुरशी आली होती. वनस्पतीच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याला ती लवकर धरते. कोरड्या कापडाने पुसून दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवलं. आता एक फिकट ठिपका उरलाय. अंगठा लागतो तिथे रंग मधासारखा झाला आहे. कडा जशाच्या तशा. ९५ युरोंत.

बॅगेला आता साडेतीन. दीड गुण कडेचे आणि सोळा दिवसांच्या त्या उत्तराचे. हॉटेलला पाच, खोली तिरकी असूनही. तिकडे खरेदीला जाणाऱ्यांनी आरशात बघण्याआधी पट्टा उलटा करून कड पाहावी. दुमडलेली असेल तर उत्तम. रंगवलेली असेल तर दुकानात सरळ विचारा की दमट हवेत हिचं काय होतं, आणि उत्तर ईमेलवर मागा.

बॅग सध्या सुती पिशवीत, सिलिका जेलच्या चार पुड्यांसह, कपाटाच्या वरच्या खणात आहे. पट्टे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये मलमलची घडी घालते. दर रविवारी काढून कडेवरून बोट फिरवते. आत्तापर्यंत कोरडी आहे. मे महिन्यात पुन्हा लिहीन.