पणजोबांचं घड्याळ तपासून आणलं: सोन्याचं नाही निघालं तरी पाचपैकी साडेचार

आमच्या घरात पणजोबांचं एक खिशातलं घड्याळ आहे, साखळीवालं. पणजोबा जीआयपी रेल्वेत (इंग्रजांच्या काळातली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) गार्ड होते, भुसावळला, आणि साहेबानं खूश होऊन त्यांना सोन्याचं घड्याळ बक्षीस दिलं ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, आत्या तर किती तोळ्यांचं तेही सांगते. आता भावकीत वाटणीचा विषय निघाला आणि एकानं त्या घड्याळाचे डायरेक्ट दोन लाख धरले, म्हणून म्हणलं आधी खरंखोटं तर करून घेऊ. एका सराफानं कसोटीवर घासून "सोनंच आहे" सांगितलं, म्हणजे भांडण अजून वाढलं. मग ओळखीतून या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता मिळाला.

दुकान म्हणजे बुधवार पेठेत एका जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. पहिल्या दिवशी दुकानाच्या घड्याळजी काकांनी घड्याळ हातात पण घेतलं नाही, "तपासायचं असेल तर सकाळी या, संध्याकाळी उजेड नसतो" म्हणाले आणि परत पाठवलं. कोथरूडहून पार्किंग शोधत आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते सांगत नाही. अर्धा स्टार तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी सोबत माझं स्वतःचं पण एक घड्याळ नेलं, जुन्या बाजारातून साडेतीन हजाराला घेतलेलं, डायलवर रोलेक्स, मागच्या झाकणावर इंजिन आणि खाली सन १८८५. काकांनी ते उघडलं पण नाही, आधी नुसतं हसले. रोलेक्स हे नाव रजिस्टरच झालं १९०८ साली, मग १८८५ ला कुणी छापलं? मग उघडलं आणि आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) माझ्या डोळ्याला लावायला दिली. डायलवरचे आकडे म्हणजे बारीक बारीक ठिपके, पेपरातल्या फोटोत असतात तसे. मशीनमधले निळे स्क्रू रंगवलेले, एकाचा रंग तर खाचेतून उडालेला (खरे निळे स्क्रू तापवून निळे करतात, त्यात रंगाचा पोपडा निघायचा प्रश्नच नाही). आणि लाल खडे, म्हणजे ज्वेल, नुसते शोभेला बसवलेले, त्यांच्यात काहीच फिरत नव्हतं. खऱ्या ज्वेलच्या मधोमध भोक असतं आणि चाकाचं टोक त्यात फिरतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन मिनिटांत साडेतीन हजारांचा निकाल. विकणाऱ्याला शोधून उपयोग नाही, तो दर रविवारी वेगळ्या जागी बसतो.

पणजोबांच्या घड्याळाला मात्र पाऊण तास दिला. मागचं झाकण नखानं उघडलं, आत अजून एक झाकण, ते उघडल्यावर मशीन. त्यावर वॉल्थम कोरलेलं, पंधरा ज्वेल्स आणि एक लांबलचक नंबर, एक कोटी नव्वद लाखाच्या घरातला. वॉल्थम अमेरिकन कंपनी, त्यांचे मशीन नंबर आणि सालांचे तक्ते आहेत, त्यावरून हे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचं निघालं. एखादं वर्ष इकडेतिकडे, कारण नंबर गठ्ठ्यानं द्यायचे. वर्ष काढताना मशीनचाच नंबर बघायचा, केसचा (म्हणजे बाहेरच्या डबीचा) नाही, केसवर वेगळाच नंबर असतो आणि तो बघून लोक उगाच घाबरतात. मी पण घाबरलोच, म्हणलं मशीन अमेरिकेचं आणि केसवर मेड इन इंग्लंड, म्हणजे कुणीतरी दोन घड्याळांचं एक केलंय. काका म्हणाले, "अहो, ही जोडी नेहमीचीच." केस बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीची, आणि हा डेनिसन १८५० च्या सुमारास वॉल्थम सुरू करणाऱ्यांपैकीच एक, नंतर तिकडे जाऊन केस बनवायला लागला. तरी त्यांनी खात्री केली. मशीन ज्या स्क्रूंनी केसला धरलेलं असतं त्यांचे दाब कडेला उमटतात, आमच्या केसमध्ये एकच जोडी होती. दुसरं मशीन आधी बसलेलं असतं तर जास्तीचे ओरखडे दिसले असते.

आता सोनं. केसच्या आतल्या बाजूला 'मून' असा कंपनीचा मार्क आहे आणि खाली बारीक इंग्रजीत चक्क लिहिलंय की सोन्याचे दोन पत्रे, मध्ये दुसरा धातू, वीस वर्षं टिकेल अशी गॅरंटी. एवढं सरळ लिहिलंय आणि शंभर वर्षांत आमच्या घरात कुणी झाकण उघडून वाचलं नाही! कसोटीवर सोनं का दाखवलं ते पण कळलं, घासला गेला तो वरचा पत्रा. किल्ली द्यायच्या डोक्याजवळ बोट घासून घासून पितळ उघडं पडलंय, ते तर आम्ही रोज बघत होतो आणि मळ समजत होतो.

साहेबाच्या बक्षिसाचं पण विचारलं. रेल्वेनं दिलेल्या घड्याळावर बहुतेक वेळा रेल्वेची अक्षरं आणि नंबर कोरलेला असतो, यावर काहीच नाही. म्हणजे बहुधा पणजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलं असावं. मला तर हेच जास्त आवडलं.

तपासणीचे तीनशे, सर्व्हिसिंगचे अठराशे, ते चार आठवड्यांनी मिळालं. तेल वाळून डिंक झालं होतं म्हणे, आता दिवसाला तीनेक मिनिटं मागे पडतं, या वयाला ठीक आहे. केसला पॉलिश करायला त्यांनी साफ नकार दिला, उरलासुरला पत्रा जाईल म्हणून. डायल एनॅमलचा आहे, सहाजवळ केसाएवढी चीर आहे, ती तशीच ठेवली.

एक अडचण आहे, लेखी काही देत नाहीत. वाटणीसाठी कागद मागितला तर म्हणाले, "मी घड्याळजी आहे, कोर्ट नाही." ज्यांना सर्टिफिकेट हवंय त्यांनी इथे जाऊ नये. बाकीच्यांनी सकाळी अकराच्या आत जा, सुट्टे पैसे न्या, आणि बंद पडलेल्या घड्याळाला चालतं का बघायला जोरात किल्ली देऊन नेऊ नका, त्यावरून मला पाच मिनिटं ऐकावं लागलं.

दोन लाखवाला भाऊ आता म्हणतो, तूच ठेव. आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.