सविस्तर स्कोप डॉक्युमेंट की एक पानाचा चार्टर?

प्रोजेक्टचा स्कोप, म्हणजे त्यात काय येणार आणि काय नाही, कसा ठरवायचा यावर दोन तट आहेत आणि मी दोन्हीकडे काम केलं आहे. पहिल्या तटाचं म्हणणं असं की आधी सगळ्या गरजा गोळा करा, सविस्तर डॉक्युमेंट लिहा, त्यावर सही घ्या आणि मगच कामाला हात घाला. दुसऱ्याचं म्हणणं, उद्दिष्ट काय, हद्द कुठवर आणि निर्णय कोण घेणार एवढं एका पानावर, म्हणजे चार्टरमध्ये, लिहून सुरुवात करा. तपशील बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) जसजसा उलगडेल तसा भरत जा. वॉटरफॉल (आधी सगळं ठरवून टप्प्याटप्प्याने काम) आणि अजाइल (छोट्या फेऱ्यांत, बदलत जाणारं काम) यांच्या व्याख्यांच्या खोलात जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे कशावर खर्च करायचे, एवढ्यापुरतंच इथे बोलतो.

सविस्तर डॉक्युमेंटबद्दल मला मनापासून आदर आहे. सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहाव्यात याचं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८३० हे मानक १९८४ सालचं. २०११ मध्ये २९१४८ या नव्या मानकाने त्याची जागा घेतली. लिहिलेल्या गरजेचे दोन अर्थ निघू नयेत आणि ती पूर्ण झाली की नाही हे तपासता यावं, ही त्यातली अपेक्षा आजही तितकीच खरी आहे. कामाची फोड करतानाचा १०० टक्क्यांचा नियमही तसाच: खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे वरचं पूर्ण काम, कमी नाही आणि जास्तही नाही. एकदा या नियमाने बेरीज करायला बसलो तेव्हा जुन्या डेटाची साफसफाई आणि वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण ही दोन मोठी कामं कुणाच्याच खात्यावर नाहीत, हे लक्षात आलं. ती पुढे निघाली असती तर डेडलाइन नक्की हुकली असती.

काही कामांत तर दुसरा पर्यायच नसतो. सिडनी ऑपेरा हाउसचं बांधकाम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा वरचं शिंपल्यांसारखं छत नेमकं कसं उभं करायचं हेच ठरलं नव्हतं. पुढे छताचा भार पेलण्यासाठी खालचे आधीच बांधलेले खांब पुन्हा बांधावे लागले. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि उद्घाटनाला १९७३ उजाडलं, ठरलेल्या मुदतीनंतर १० वर्षांनी. ओतलेलं काँक्रीट पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या छोट्या फेरीत) बदलता येत नाही.

मग माझं मन डॉक्युमेंटवरून उडालं कशाने? एका ओळीने. पान ४३ वर होती ती: ‘वापरकर्त्याला जुन्या नोंदी शोधता याव्यात.’

आम्ही नाव आणि क्रमांक टाकून शोधण्याची सोय केली. यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायच्या शेवटच्या चाचणीच्या, दुसऱ्या दिवशी क्लायंटकडच्या बाई म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे एकच नाव चार जणांनी चार प्रकारे लिहिलंय. स्पेलिंग चुकलं तरी नोंद सापडायला हवी ना?” त्यांचं बरोबर होतं. आमचंही बरोबर होतं. पुढच्या तीन मीटिंगा हा दोष धरायचा की चेंज रिक्वेस्ट (नव्याने मागितलेला बदल), एवढ्यावरच गेल्या. दोन्ही बाजूंनी डॉक्युमेंटचं तेच पान उघडून बोट ठेवलं जात होतं. शोध सुधारायला जितका वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ ‘शोधता याव्यात’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात गेला. चुकीच्या स्पेलिंगचा प्रश्न मात्र सही झाली त्या दिवशीही तिथेच होता. तो कुणी बोललं नाही, कारण सत्तर पानं वाचून कुणी सही करत नाही. मुदत असते, म्हणून सही होते.

ही चीड मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण माझा कौल तिनेच ठरवला. आमचं लिखाण कमी पडलं असेल, हे शक्य आहे. अधिक काटेकोर माणसाने ती ओळ दहा ओळींत लिहिली असती. पण सुरुवातीलाच सगळं नेमकं लिहिता येतं, या गृहीतकावरच माझा विश्वास उरला नाही. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले तज्ज्ञ बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार अगदी सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव इतकाही निघू शकतो. एवढ्या धुक्यात पान ४३ नेमकं कसं असणार?

त्यानंतरचा प्रोजेक्ट एका पानावर सुरू केला. वर एक वाक्य, कुणाची कुठली अडचण सुटणार आहे याचं. मग तारीख, मग अडलं तर अंतिम शब्द कुणाचा त्या एकाच व्यक्तीचं नाव. कमिटी लिहायची नाही, नावच लिहायचं. आणि अर्धं पान ‘यात नाही’ या यादीला. त्यातली तिसरी ओळ होती: ‘जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात आणला जाणार नाही.’

पान पाठवून अर्धा तास झाला नसेल, फोन आला. “डेटा येणार नाही म्हणजे? मग आमच्या लोकांनी रोज दोन ठिकाणी बघायचं का?” एकही ओळ कोड लिहिण्याआधी झालेलं ते बोलणं होतं. दुपारपर्यंत ठरलं की शेवटच्या दोन वर्षांचा डेटा आणायचा, त्याआधीचा फक्त बघण्यापुरता ठेवायचा आणि त्या बदल्यात दोन रिपोर्ट मागे ढकलायचे. माणसं ‘यात आहे’ची यादी चाळतात आणि ‘यात नाही’ची यादी वाचतात, असा माझा तरी अनुभव आहे. कामांचा अग्रक्रम ठरवण्याच्या मॉस्को (MoSCoW) पद्धतीत हवंच, असावं, असलं तर बरं आणि या वेळी नाही असे चार गट करतात. तिथे मेहनतीचा ६० टक्क्यांहून जास्त भाग ‘हवंच’वर जाऊ नये असा सल्ला आहे आणि तो चांगला आहे. पण बहुतेक टीम पहिल्या तीन गटांवर तासन् तास भांडतात आणि चौथा रिकामा सोडतात. मी आता चौथ्यापासूनच सुरुवात करतो.

दुसऱ्या मार्गाचे खड्डेही सांगायला हवेत. निर्णय घेणारी व्यक्ती आठवड्यातून एकदाही भेटणार नसेल तर एक पान अजिबात पुरत नाही. बॅकलॉग नुसता फुगत जातो आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं काम आधी होतं. ठरावीक रकमेचं कंत्राट असेल, तीन-चार व्हेंडर एकमेकांवर अवलंबून असतील किंवा ऑडिटला प्रत्येक गरजेचा माग दाखवावा लागत असेल, तर निमूटपणे सविस्तर डॉक्युमेंट लिहा. तिथे माझी आवड गौण आहे.

बाकी ठिकाणी, म्हणजे टीम छोटी, क्लायंट बोलता आणि गरजा अर्धवट माहीत असतील तिथे, मी एका पानाकडे झुकेन. फक्त त्याला एक जोड हवी: दोन आठवड्यांत खऱ्या माणसाच्या हातात पडेल असा एक पूर्ण धागा. लॉगिनपासून सजवत बसायचं नाही. एक खरी नोंद आत जाते, सापडते आणि छापून बाहेर येते, एवढंच. चुकलेल्या स्पेलिंगची नावं पहिल्याच दिवशी समोर येतात ती इथे.

अलीकडे एका क्लायंटला डॉक्युमेंटच हवं होतं, त्यांचा नियमच तसा. मी ते लिहिलं, पण ‘यात नाही’ची यादी पहिल्या पानावर घेतली. त्यांच्या प्रमुखांनी मीटिंगमध्ये पेन काढलं, त्यातली एक ओळ खोडली, दुसरीच्या शेजारी ‘पुढच्या टप्प्यात’ असं लिहिलं आणि मग शेवटचं पान उलटून सही केली.