डेव्हऑप्सचा सराव: प्रश्नसंच, ब्राउझरमधली लॅब की स्वतःच्या मशीनवरची मोडतोड

लिनक्सची कमांड लाइन हाताखालून गेली आहे, डॉकरचे दोनचार कंटेनर चालवून झाले आहेत आणि आता पुढचा सराव नेमका कशावर करावा हे ठरत नाही, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा आढावा आहे. कंटेनर म्हणजे काय किंवा सीआय-सीडी कशासाठी असते, हे येथे सांगत नाही. सरावाचे तीन मार्ग मी स्वतः चोखाळले आहेत. त्यांतील कोणता कोणाला मानवेल, हे बरेचसे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे हे मान्य करूनही, माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्नसंचांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गिटहबवर ते मुबलक आहेत, विनामूल्य आहेत आणि मुलाखत आठवड्यावर आली असेल तर त्यांच्याइतका उपयोगी दुसरा आधार नाही. मात्र त्यांची एक मर्यादा मला उशिरा कळली. ‘कंटेनर १३७ या एक्झिट कोडने थांबला, कारण काय असू शकेल?’ या प्रश्नाचे उत्तर कोणीही पाठ करू शकतो: १२८ अधिक ९, म्हणजे प्रक्रिया जबरदस्तीने थांबवणारा सिगकिल हा संकेत, आणि बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडलेली. प्रत्यक्ष कामात मात्र तो १३७ कोणी आपल्या हातात आणून ठेवत नाही. ‘साइट मधूनमधून बंद पडते’ एवढेच कानावर येते आणि एक्झिट कोड पाहावा हे सुचणे, हाच खरा प्रश्न असतो. शिवाय ही उत्तरे गुपचूप शिळी होतात. अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या १.२४ या आवृत्तीतून २०२२ मध्ये डॉकरशी जोडणारा डॉकरशिम हा भाग काढला गेला, तरी त्याआधीची उत्तरे जशीच्या तशी ठेवलेले संच मला त्यानंतरही भेटत राहिले.

ब्राउझरमधल्या लॅबची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यावर अन्याय होऊ नये अशी माझी इच्छा आहे. काहीही इन्स्टॉल न करता समोर खरेखुरे मशीन उघडते आणि त्यात खराखुरा बिघाड असतो. सॅडसर्व्हर्स या अशाच लॅबच्या संकेतस्थळावरचा ‘सेंट जॉन’ हा सोपा प्रसंग मला अजूनही नमुनेदार वाटतो: कोणतीतरी प्रक्रिया एका लॉग फाइलमध्ये सतत लिहीत आहे, ती शोधून थांबवायची. येथे कोणती फाइल कोणी उघडली आहे हे दाखवणारी ‘एलएसओएफ’ कमांड वापरा असे कोणी सांगत नाही, केवळ लक्षण सांगितले जाते, आणि प्रश्नसंच येथेच मागे पडतो. सीकेए ही कुबरनेटिसची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची असेल तर लॅबला पर्याय नाही, असेही मी म्हणेन. दोन तासांची ती परीक्षा पूर्णपणे प्रात्यक्षिक असते, उत्तीर्ण होण्यासाठी ६६ टक्के लागतात आणि हाताला वेग नसेल तर ज्ञान असूनही गुण जातात. तो वेग घड्याळ लावूनच येतो.

परंतु त्या घड्याळानेच माझा निर्णय केला. एका लॅबमध्ये कुबरनेटिसचे पॉड, म्हणजे कंटेनर चालवणारे घटक, सुरळीत चालू दिसत होते आणि त्यांच्यापर्यंत विनंत्या पोहोचवणारी सर्व्हिस मात्र उत्तर देत नव्हती. मी आधी डीएनएस तपासले, मग नेटवर्क पॉलिसी चाळल्या, मग पॉडच्या आत शिरून अ‍ॅप्लिकेशन खरोखर त्या पोर्टवर ऐकत आहे याची खात्री केली. यात बराच वेळ गेला, पण तो वाया जात होता असे मला वाटत नाही, कारण एकेक शक्यता कायमची बाद होत होती. शेवटी एंडपॉइंट्सची, म्हणजे सर्व्हिसला सापडलेल्या पॉडच्या पत्त्यांची, यादी पाहिली तर ती रिकामी. म्हणजे सर्व्हिसचा पॉड निवडणारा सिलेक्टर आणि पॉडचे लेबल यांचा मेळ नव्हता. आता ते ताडून पाहावे एवढ्यात पडद्यावर वेळ संपल्याची पाटी आली आणि मशीन नाहीसे झाले. नवे सत्र उघडले तेव्हा मांडणी पुन्हा पहिल्यासारखी कोरी होती. उत्तर मला ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या सरावाला काही अर्थ उरला नव्हता.

एकदा असे झाले म्हणून मी रुसलो नसतो. त्यानंतर स्वतःत जो बदल दिसला तो अधिक खटकला. मी कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहत काम करू लागलो, दहा मिनिटांत काही सापडले नाही की सूचना उघडू लागलो, आणि बिघाडाचे कारण शोधण्याऐवजी तपासणाऱ्या स्क्रिप्टला काय हवे असेल याचा अंदाज बांधू लागलो. एकदा तर मी एका फोल्डरच्या परवानग्या सरळ ७७७, म्हणजे सर्वांना सर्व मुभा, करून टाकल्या आणि समोर हिरवी खूण उमटली! ती खूण पाहून आनंद झाला नाही, एवढे तरी स्वतःच्या बाजूने नोंदवतो.

तिसरा मार्ग म्हणजे आपल्याच मशीनवर दोनतीन व्हर्च्युअल मशीन उभारून त्यांवर, कुबरनेटिस मांडून देणाऱ्या क्यूबअ‍ॅडमने क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा संच) चालवणे आणि तो मोडत राहणे. मिनिक्यूब किंवा काइंड हे हलके पर्याय आहेतच. क्यूबअ‍ॅडमला मात्र प्रत्येक मशीनमागे किमान २ जीबी मेमरी आणि क्लस्टरचे नियंत्रण करणाऱ्या कंट्रोल प्लेनसाठी २ सीपीयू लागतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपची दमछाक होते. माझे पहिले दोन रविवार केवळ मशीनचे नेटवर्क एकमेकांशी जुळवण्यात गेले. येथे हिरवी खूणही मिळत नाही; दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे पाहणारी छोटी स्क्रिप्ट मलाच लिहावी लागली, आणि मॉनिटरिंगचा माझा पहिला धडा तोच ठरला.

या मार्गाकडे माझा कल होण्याचे कारण असे की काही बिघाड केवळ काळच घडवतो. क्यूबअ‍ॅडमने तयार केलेली, क्लस्टरला ओळख पटवणारी क्लायंट प्रमाणपत्रे एका वर्षाने संपतात. दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवलेल्या माझ्या क्लस्टरने एके दिवशी एकही कमांड ऐकण्यास नकार दिला. प्रमाणपत्रांचे नूतनीकरण केल्यानंतरही कंट्रोल प्लेनचे पॉड पुन्हा सुरू करावे लागतात आणि अ‍ॅडमिनची नवी कॉन्फिग फाइल आपल्या फोल्डरमध्ये आणून ठेवावी लागते, हे मला त्या दिवशी कळले. डॉकरचा नेहमीचा लॉग ड्रायव्हर आपणहून जुने लॉग कापत नाही, हेही मला डिस्क भरल्यावरच समजले. आणि घाईने ती लॉग फाइल पुसल्यावर फाइलींची जागा मोजणारी ‘डीयू’ कमांड जागा मोकळी झाल्याचे सांगते पण संपूर्ण डिस्कचा हिशेब देणारी ‘डीएफ’ डिस्क भरलेलीच दाखवते, कारण चालू प्रक्रियेने ती फाइल अजून धरून ठेवलेली असते. तासाभरात नाहीशा होणाऱ्या लॅबमध्ये असा प्रसंग कोणी मुद्दाम मांडू शकेल, पण तेथे तो आपल्या हातून आणि आपल्या दुर्लक्षातून घडलेला नसतो.

आणखी एक बाब. काटाकोडा हे लोकप्रिय लॅबचे ठिकाण २०१९ मध्ये ओरायली या प्रकाशन कंपनीकडे गेले आणि २०२२ मध्ये सर्वांसाठी बंद झाले. कुबरनेटिसच्या अधिकृत दस्तऐवजांतील संवादी पाठही त्यावरच उभे असल्याने ते पुढे काढावे लागले. त्यावर अवलंबून असलेल्यांचा दोष नव्हता, पण सरावाची जागा दुसऱ्याच्या मालकीची असली की असे होऊ शकते.

आपणच केलेला बिघाड आपल्याला ठाऊक असतो, हा या मार्गावरचा रास्त आक्षेप आहे. त्यावर मी दोन उपाय केले. दहाबारा बिघाडांपैकी एक निवडून तो न सांगता लागू करणारी स्क्रिप्ट लिहिली, आणि एका सहकाऱ्याशी क्लस्टरची अदलाबदल करू लागलो. दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे, कारण सहकारी स्क्रिप्टपेक्षा खट्याळ असतो.

परीक्षेची तारीख ठरलेली असल्यास आपण लॅबच निवडावी, आणि मुलाखत तोंडावर असल्यास प्रश्नसंच. ज्याला अशी घाई नाही त्याने, मला वाटते, तिसरा मार्ग एकदा तरी धरून पाहावा. सुरुवात म्हणून एखाद्या सर्व्हिसच्या सिलेक्टरमधले एक अक्षर सहकाऱ्याला बदलायला सांगावे आणि चारपाच दिवसांनी, समोर कोणतेही घड्याळ नसताना, ती सर्व्हिस उत्तर का देत नाही हे शोधायला बसावे.