रेडिएटरमधला काळा गाळ आणि मनापासून केलेलं काम

आमचं इंग्लंडमधल्या स्लाऊचं घर जुनं, बॉयलरच्या गरम पाण्याने खोल्या तापवणाऱ्या नऊ रेडिएटरचं. या हिवाळ्यात बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा १.३ बारवरून ०.५ वर यायचा आणि मी रोज पाणी भरायचे. सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर वर कढत, खाली गारढोण. बिचाऱ्या दोन शाली पांघरून बसायच्या.

पहिला माणूस नुसतं पाणी भरून पैसे घेऊन गेला. दुसऱ्याने न मागता गॅस सेफचं, म्हणजे गॅसच्या कामासाठी नोंदणी असल्याचं, कार्ड दाखवलं आणि आधी बाहेरच्या भिंतीतला तांब्याचा पाइप पाहिला. ठिबकत होता! एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलेली, त्यामुळे पाणी तापलं की दाब ३ बारपर्यंत चढायचा आणि सुरक्षेचा व्हॉल्व्ह त्याच पाइपातून पाणी बाहेर टाकायचा. वर मी भरत असलेल्या ताज्या पाण्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजत होते. हे ऐकून जीव हळहळला.

मग पॉवर फ्लश, म्हणजे जोराने पाणी फिरवून रेडिएटर आतून धुणं. बादलीत शाईसारखं पाणी. त्यात चुंबक बुडवला तर गंजाचा काळा चिखल केसांसारखा उभा राहिला. व्हेसलमध्ये हवा, नवा व्हॉल्व्ह, चुंबकी फिल्टर, गंज रोखणारं औषध, सगळं एका दिवसात. जिन्याच्या कार्पेटवर एक डाग पडला, तो मात्र अजून निघालेला नाही.

तीन आठवडे काटा १.२ वर आहे. सासूबाईंची एक शाल कपाटात गेली.