लाइटरूम की डार्कटेबल? रॉ फोटो काढायला लागलेल्यांसाठी

कॅमेरा घेतला, किट लेन्सवर हात बसला, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने न रंगवलेल्या कच्च्या फाइलीत) फोटो काढायला लागलात आणि आता एडिटिंगला काय वापरायचं इथे अडलात, तर हे तुमच्यासाठी आहे. मी साताऱ्याचा, नोकरी सांभाळून फोटो काढणारा. भाद्रपदात कास, पौषात पालची खंडोबाची यात्रा, मधे नात्यातली दोन-चार लग्नं. रॉ फोटो एडिट करायची कॉम्प्युटरवरची दोन सॉफ्टवेअर मी वापरली आहेत: आधी चार वर्षं अडोबीचं लाइटरूम क्लासिक, गेली तीन वर्षं डार्कटेबल.

फोनवरचं स्नॅपसीड यात धरत नाही, ते तुमच्याकडे असेलच. जिंप चांगलं आहे, पण रॉ फाइल उघडायला त्याला डार्कटेबल किंवा रॉथेरपी अशा रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचाच आधार लागतो. मग सुरुवातच तिथून केलेली बरी.

लाइटरूमबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिल्याच संध्याकाळी फोटो मनासारखा होतो. आकाश वेगळं निवडायचं म्हटलं तर एका क्लिकवर निवडलं जातं. पालच्या यात्रेत अंधार पडल्यावर वाढीव आयएसओवर (म्हणजे कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून) काढलेले दाणेदार फोटो त्याचं डीनॉइझ ज्या सफाईने स्वच्छ करतं, तेवढी सफाई मला डार्कटेबलमध्ये अजून साधलेली नाही. शिवाय अडलात तर सांगणारा माणूस शेजारीच मिळतो. गावातला जवळजवळ प्रत्येक लग्नाचा फोटोग्राफर तेच वापरतो.

पैशाचं गणित तुम्हाला माहीत आहे. एकदाच पैसे भरून घ्यायचं लाइटरूम 6 हे शेवटचं, 2017 नंतर सगळा मामला वर्गणीचा. वर्गणी थांबवली की क्लासिकमध्ये फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद. लग्नाची कामं घेत असाल तर वर्गणी एका कामात निघते. हौसेपुरतं असेल तर विचार करा.

डार्कटेबल फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2009 पासून चालू आहे. पण पहिला फोटो उघडलात की मन खट्टू होईल. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झळाळणारी फुलं इथे फिकी दिसतात, कारण कॅमेरा दाखवतो तो त्याने स्वतः रंगवलेला जेपीईजी असतो आणि डार्कटेबल ते रंगकाम तुमच्यावर सोडतं. त्यात मॉड्यूलची, म्हणजे एकेका कामाच्या अवजारांची, ही गर्दी! मी पहिला महिनाभर पाचच उघडली: एक्सपोजर, सिग्मॉइड (उजेड-सावलीचा मेळ बसवणारं), कलर बॅलन्स आरजीबी (रंगांसाठी), क्रॉप आणि डीनॉइझ. बाकीच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. अजूनही माझे दहातले आठ फोटो या पाचांतच संपतात.

आपल्याकडच्या पिवळ्या रंगाला मात्र ते मला जास्त मानवतं. कासची सोनकी घ्या. उन्हात काढली की पाकळ्या एकसंध पिवळा ठिपका होऊन बसतात, शिरा दिसत नाहीत. उधळलेल्या भंडाऱ्याचंही तेच. सिग्मॉइडमध्ये कॉन्ट्रास्ट जरा उतरवला की पाकळीवरच्या रेघा परत येतात. लाइटरूममध्ये हे होत नाही असं नाही, माझ्या हाताला इथे लवकर जमतं एवढंच.

पण मी बदललो तो यामुळे नाही.

एका पावसाळ्यात लॅपटॉप फारच मंद झाला म्हणून दुकानात फॉरमॅट मारायला दिला. सगळे फोटो डी ड्राइव्हवर होते, तेव्हा डीला हात लावू नका असं बजावून आलो. दुकानदाराने खरोखरच लावला नाही. घरी येऊन पाहिलं तर एकूण एक रॉ फाइल जागेवर, आणि एकाही फाइलवर मी केलेलं काम नाही. कासचे दोन हंगाम, चुलतबहिणीचं अख्खं लग्न, सगळं कोरं. लाइटरूम क्लासिक तुमचं काम फोटोजवळ ठेवत नाही, कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवतं. तो कॅटलॉग आपण हलवला नाही तर सी ड्राइव्हवरच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये असतो, आणि त्याचा बॅकअपही शेजारीच. मी दोन्ही हलवले नव्हते. यात चूक माझीच, सॉफ्टवेअरची नाही आणि दुकानदाराचीही नाही. पण नवशिक्या माणूस नेमकी हीच चूक करणार, असं मला आजही वाटतं. फोटो म्हणजेच सगळं, ते जपले की झालं, असंच आपण धरून चालतो.

डार्कटेबल पहिल्यांदा वापरून पाहिलं आणि सहज फोल्डर उघडलं, तर डीएससी 4127 या रॉ फाइलीखाली त्याच नावाची एक चिमुकली एक्सएमपी फाइल बसली होती. नोटपॅडमध्येही उघडते. एक्सपोजर किती वाढवलं, कुठे क्रॉप केलं, सगळं तिच्यात. डार्कटेबलचाही स्वतःचा डेटाबेस असतो, पण तो उडाला तरी फोल्डर पुन्हा इम्पोर्ट केलं की या फाइलींमधून सगळं काम परत येतं. मी मुद्दाम डेटाबेस बाजूला काढून हे करून पाहिलं. सगळे फोटो होते तसे परत दिसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

याचा आणखी एक फायदा नंतर कळला. सांगलीचा माझा एक मित्र मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे फोटो काढतो. तो पेन ड्राइव्हवर फोल्डर देतो, मी साताऱ्यात उघडतो, त्याने काय केलंय ते पायरीपायरीने दिसतं. मी दुरुस्त करून परत पाठवतो. शिकण्याचा इतका चांगला मार्ग मला दुसरा सापडला नाही. दोघांकडे आवृत्ती एकच असावी, एवढं पाहा.

रॉथेरपीही फुकट आहे, तेही आपली पीपी3 फाइल फोटोशेजारीच ठेवतं आणि पहिल्या उघडण्यात कॅमेऱ्याच्या जेपीईजीशी बराचसा जुळणारा टोन लावून देतं. डार्कटेबलचा फिकेपणा अगदीच सहन झाला नाही तर तिकडे वळा. मला त्यात फोटो निवडण्या-चाळण्याचं काम जड गेलं, म्हणून मी राहिलो नाही.

पैशाची अडचण नसेल, घाई असेल आणि रात्रीचे फोटो जास्त असतील, तर लाइटरूम घेतलंत म्हणून मी नाक मुरडणार नाही. फक्त घेतल्या दिवशीच कॅटलॉग सेटिंग्जमधल्या मेटाडेटाच्या पानावर जा आणि बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याच्या पर्यायावर टिक करा. कलेक्शन (तुम्ही केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोची दुसरी एडिट) त्यात येत नाहीत, तेव्हा कॅटलॉगचा बॅकअपही बाहेरच्या डिस्कवर न्या. बाकीच्यांना मी म्हणेन, महिनाभर डार्कटेबलला द्या. पहिला आठवडा जड जाईल. सोनकीचा एखादा जुना रॉ असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा.