कॅशबॅक की प्रवासाचे पॉइंट्स? सांगलीत बसून केलेला हिशेब

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो मोबाइलवर दोन क्रेडिट कार्डांची माहिती उघडूनच. त्याची नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीत, बायको मिरजेत शाळेवर, मुलगी अजून बालवाडीत. एक कार्ड कॅशबॅकचं, म्हणजे खर्चाचा काही भाग रुपयांत परत देणारं, दुसरं विमान आणि हॉटेलच्या पॉइंट्सचं. "मावशी, तू दिवसभर लोकांचे हिशेब बघतेस, मला कुठलं घेऊ ते सांग." मी म्हटलं, जाहिरात मिटव आणि गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढ. कुठलं कार्ड चांगलं हे तुझ्या खर्चावरून ठरतं, आणि तुझा खर्च कसा आहे हे तुला वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं.

डायनिंग टेबलावर कागद पसरले आणि पिवळ्या मार्करने रेघा मारत बसलो. महिन्याला साधारण २८,००० रुपये कार्डाने होऊ शकतील असा खर्च निघाला. त्यात ऑनलाइन खरेदी ७,०००. औषधं, कपडे, मॉल, हॉटेलात जेवण मिळून ९,०००. उरलेले १२,००० म्हणजे पेट्रोल, महावितरणचं बिल आणि विम्याचे हप्ते. शिवाय वर्षाला प्रवासावर ३०,०००, त्यात दोनदा पुणे, एकदा तिरुपती किंवा गोवा.

आता हा एकच खर्च दोन्ही कार्डांवर टाकून बघू. कॅशबॅकच्या कार्डाला ऑनलाइनवर ५ टक्के, इतर खर्चावर १ टक्का, वार्षिक फी ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९. ऑनलाइनचे ३५० आणि इतरचे ९० असे महिन्याला ४४० झाले. पेट्रोल, वीज, विमा यांवर शून्य धरलं, कारण बहुतेक कार्डांच्या अटींत हे खर्च एक तर वगळलेले असतात किंवा त्यांवर अगदी किरकोळ मिळतं. वर्षाचे ५,२८०, प्रवासाचे १ टक्क्याने ३००, एकूण ५,५८०. फी वजा केली तरी ४,४०१ हातात राहतात. वर्षाचा खर्च ठरलेल्या रकमेच्या वर गेला की फी माफ, अशी सोय अनेक कार्डांना असते. ती लागू झाली तर पूर्ण ५,५८०.

प्रवासाच्या कार्डाला साध्या खर्चावर १०० रुपयांना २ पॉइंट, प्रवासावर ५, आणि फी ५,०००, जीएसटी धरून ५,९००. १६,००० वर महिन्याला ३२० पॉइंट, म्हणजे वर्षाचे ३,८४०. प्रवासाचे १,५००. एकूण ५,३४० पॉइंट. एक पॉइंट पूर्ण एक रुपयाला जातो असं उदारपणे धरलं, तरी फी वजा करता ५६० रुपये खिशातूनच गेले. पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट मिळतात म्हणून तोटा दिसत नाही. दुसऱ्या वर्षी दिसतो.

पॉइंट एक रुपयाला जातो, हे गृहीतच मुळात नाजूक आहे. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटाला एक रुपयाचा, गिफ्ट व्हाउचरला त्याहून खूपच कमी, आणि थेट बिलात वळवला तर आणखी कमी, असं सर्रास असतं. काही बँका पॉइंट वापरायलाही ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. कॅशबॅकचे ४४० रुपये मात्र बिलातून वजा होतात, त्यांचा भाव बदलत नाही. आपल्याकडे हळदीच्या सौद्याला जाणारा माणूस वजन बघतो आणि दरही बघतो. पॉइंट्सच्या बाबतीत मात्र आपण नुसतं वजन बघून खूश होतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरूनही सांगते. २०१८ साली एका बँकेचं प्रवासाचं कार्ड घेतलं होतं. मुलगा तेव्हा दिल्लीला शिकत होता, वर्षातून दोन-तीन विमानफेऱ्या व्हायच्या. सहा हजारांच्या वर पॉइंट जमले, आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळे मिळून वापरू म्हणून तसेच ठेवले. मग कोरोना आला. विमानं बंद, मुलगा घरी. पॉइंट्सची मुदत दोन वर्षांची आहे हे मला मुदत संपल्याच्या संदेशावरून कळलं. ती अट कागदावर होती, मीच वाचली नव्हती. पण कॅशबॅकमध्ये ही वेळ आली नसती, कारण ते पैसे दर महिन्याला आपोआप जमा झाले असते.

लाउंजचंही तसंच. लाउंज म्हणजे विमानतळावरची बसायची-खायची जागा, प्रवासाच्या कार्डावर तिथे फुकट प्रवेश मिळतो. पुणे विमानतळावर ओळखीच्या एक बाई लाउंजच्या टेबलाशी उभ्या होत्या. तिथल्या मुलीने कार्ड मशिनला लावलं, दोन रुपयांचा व्यवहार केला आणि आत न सोडताच कार्ड परत दिलं. मागच्या तिमाहीतला खर्च कमी पडला होता. ही अट आता अनेक बँकांत आहे. आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून मागच्या तिमाहीत ३५,००० खर्चाची अट आणली, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ती ७५,००० केली. नियम वर्षभरात दोनदा बदलले. कार्ड घेताना जे लिहिलेलं होतं ते वापरताना असेलच असं नाही, हे धरूनच चालायचं.

आणि सांगलीकराला लाउंज लागतो किती वेळा? आपल्या गावात विमानतळ नाही. जवळचं म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूरचं उजळाईवाडी, नाही तर थेट पुणे. आपला प्रवास महालक्ष्मी एक्स्प्रेसने, एसटीने नाही तर स्वतःच्या गाडीने. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–कोल्हापूर वंदे भारतही सांगली आणि मिरजेला थांबते. म्हणून प्रवासाचंच कार्ड हवं असेल तर विमानाच्या कार्डाआधी रेल्वेचं बघा. आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेचं जे कार्ड आहे त्यात एसी वर्गाच्या तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत किंमत पॉइंट्सच्या रूपाने परत येते, आणि ते पॉइंट पुन्हा तिकिटालाच वापरता येतात. त्याची फी विमानाच्या कार्डांच्या मानाने फारच थोडी. स्लीपरने जाणाऱ्याला मात्र त्या दहा टक्क्यांचा उपयोग नाही.

मग विमानाचं कार्ड कुणीच घेऊ नये का? तसं मुळीच नाही. विश्रामबागला आमच्या शेजारी एक जोडपं आहे, त्यांची मुलगी जर्मनीत. वर्षातून एकदा दोघं जातात. तिकिटं दीड लाखाची, आणि तिकडे खर्चही दीड लाखाच्या घरात. साध्या कार्डाने परदेशात पैसे भरले की बँक साधारण ३.५ टक्के परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे वरचा आकार लावते, त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के. दीड लाखावर हे ६,१९५ रुपये होतात. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर ही रक्कम सरळ वाचते, आणि अशी कार्डं वार्षिक फीशिवायही मिळतात. तिकिटांवर पाच टक्क्यांनी ७,५०० पॉइंट वेगळे. या घराला ५,९०० फीचं कार्डही परवडतं. कॉन्फरन्ससाठी वर्षातून चारदा विमानाने फिरणाऱ्या मिरजेच्या डॉक्टरांचंही तसंच. मोजायचं ते वर्षाला ठरलेल्या फेऱ्या. मनात आहेत त्या फेऱ्या धरू नका.

कॅशबॅकच्या कार्डातही खाचखळगे आहेत. पहिली गोष्ट कमाल मर्यादेची. महिन्याला अमुक रुपयांपर्यंतच परतावा, त्यापुढे शून्य. फ्रीज, टीव्ही एकाच महिन्यात घेतला की ही मर्यादा आडवी येते. दुसरी, पाच टक्के नेमके कुठे? ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही, पण ५ टक्के मिळतात ते ॲमेझॉनवर आणि प्राइमचे सदस्य असाल तर. नसाल तर ३, आणि बाहेरच्या दुकानांत १. सोन्याच्या खरेदीवर तर बऱ्याच कार्डांत काहीच नाही, तेव्हा लग्नाचे दागिने कार्डावर घेऊन कमाई होईल या भरवशावर राहू नका. पेट्रोलवर बहुधा फक्त १ टक्का अधिभार माफ होतो, तोही ठराविक रकमेच्या बिलावर.

आणि किराणा. सांगलीतल्या घराचा हा मोठा खर्च, पण कार्डाच्या हिशेबात तो येतच नाही. गणपती पेठेतल्या आमच्या दुकानदाराकडे मी एकदा कार्ड काढलं तर ते म्हणाले, "कार्डाला दोन टक्के वर लागतील ताई, स्कॅन करा की." हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी क्यूआरचा स्टँड माझ्याकडे वळवला. यावर उपाय आहे तो रुपे क्रेडिट कार्डाचा. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे स्कॅन करून कार्डावर खर्च टाकता येतो. व्हिसा किंवा मास्टरकार्डवर ही सोय नाही. त्यात मेख एवढीच की क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा लावला असेल तर पैसे जात नाहीत. आणि यूपीआयवरच्या खर्चाला पूर्ण कॅशबॅक आहे का, हे अर्ज करण्याआधी विचारा. बऱ्याचदा तिथे दर कमी असतो.

हा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं पाहिजे. भाच्याने विचारलं, एखाद्या महिन्यात वीस हजार राहिले तर? व्याज महिन्याला ३.७५ टक्के धरलं तर ७५० रुपये, त्यावर जीएसटी १३५, झाले ८८५. म्हणजे दोन महिन्यांचा कॅशबॅक एका महिन्यात गेला. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. एटीएममधून कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर काढल्याचा आकार. ज्यांच्या घरात महिनाअखेर ओढाताण होते, त्यांनी दोन्ही प्रकारची कार्डं बाजूला ठेवावीत असं मी मनापासून सांगते. चार हजारांच्या कॅशबॅकपायी वर्षभर व्याज भरत बसलेली घरं मी कामाच्या निमित्ताने पाहिली आहेत.

घेतलेलं कार्ड जमलं नाही तर ते ओढत बसायचं कारण नाही. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाला तर रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. म्हणून विनंती लेखी किंवा ॲपवरून करा, तारीख हातात राहते.

भाच्याने कॅशबॅकचं कार्ड घेतलं, रुपेचं. पुण्याला जाताना एसी चेअर कारच लागते म्हणून रेल्वेचं कार्ड पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. कार्ड आल्यावर ॲपवर ऑटो-पे लावताना तो पुन्हा माझ्याकडे आला. पडद्यावर दोन पर्याय होते, किमान रक्कम आणि पूर्ण रक्कम, आणि टिक आधीपासून किमान रकमेवर होती. ती आम्ही काढली आणि पूर्ण रकमेवर लावली.