व्हिडिओ गेमच्या लिलावात माझे 1,45,500 रुपये गेले, वर मालही गेला

घाईत असाल तर एवढंच वाचा. लिलाव करून देतो म्हणणारा माणूस विक्रीच्या आधी तुमच्याकडे एक रुपया जरी मागत असेल, तर तो चोर समजूनच वागा. खरा लिलाववाला सहसा आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेतो. विकणाऱ्याला खिशातून पैसे भरावे लागत नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

नव्वदच्या दशकात बेळगावात माझं व्हिडिओ गेम पार्लर होतं, तासाला दहा रुपये. पार्लर बंद केलं तेव्हा मी काहीच मोडीत घातलं नाही. टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, म्हणजे सामुराई नावाने इथे मिळणारा निन्टेंडो आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह, गल्फहून आलेल्यांकडून आणि गोव्यातल्या बोटीवरच्या पोरांकडून घेतलेल्या डब्यासकट कॅसेट, पुढे प्लेस्टेशनच्या सीडी. 2009 साली भारतातच तयार होऊन पीएस-टूवर (प्लेस्टेशन 2) आलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’सुद्धा होता. सगळे मिळून अडीच हजारांवर नग. भावाभावांत वाटणी झाली, माडीवरची खोली सोडायची होती, म्हणून विकायला काढलं. सुटं विकण्यापेक्षा लिलावात चांगला भाव येईल असं वाटलं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

जाहिरात टाकल्यावर व्हॉट्सअॅपवर एकाने संपर्क केला. पुण्यात लिलावाची कंपनी आहे म्हणाला. बोलणं अदबीचं, ‘काका’ म्हणूनच बोलायचा. त्याने मला दोन बातम्या पाठवल्या. 2014 साली अमेरिकेत मायकेल थॉमसन यांच्या अकरा हजारांच्या आसपास गेमच्या संग्रहावर ऑनलाइन लिलावात 7,50,250 डॉलरची बोली लागली. 2021 साली सुपर मारिओ 64 या गेमची पाकीट न फोडलेली एक प्रत 15,60,000 डॉलरला गेली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, मी स्वतः शोधून खात्री केली. बातमी खरी निघाली की ती पाठवणाराही खरा वाटतो, आणि त्यांना नेमकं हेच हवं असतं.

मी फोटो पाठवले, त्याची किमतींची यादी आली. त्यात 9999 इन 1 च्या, म्हणजे एकात 9999 खेळ असल्याचं सांगणाऱ्या नकली कॅसेटला 4,000 रुपये लावले होते. ज्याने कधी ती कॅसेट यंत्रात घातली आहे त्याला माहीत आहे, आत वीसेक खेळ, तेच ते फिरून येतात. मी लगेच विचारलं. तो म्हणाला, ‘काका, भारतातल्या नकली कॅसेट आता परदेशात दुर्मीळ आहेत, तिकडे वेडे लोक आहेत.’ खोटं म्हणावं असंही हे उत्तर नव्हतं, असे शौकीन आहेतच.

मग पैसे सुरू झाले. कॅटलॉग आणि फोटोंचे 14,500. विम्याचे 27,800. पहिल्या 212 कॅसेट तपासणीसाठी पाठवा म्हणाला. टेम्पो त्यानेच ठरवला. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून माल कोल्हापुरात गेला आणि रस्त्यावरच दुसऱ्या गाडीत चढवला गेला. टेम्पोवाला बिचारा भाड्याचा होता. नंतर मेसेज आला की 11,40,000 ला बोली सुटली, पाच टक्के अनामत भरा, रकमेबरोबर परत मिळेल. भरले 57,000. ग्राहक दुबईचा निघाला म्हणून चलन बदलण्याचे 46,200. त्यानंतर 82,000 मागितले, तेव्हा पुतण्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

आता जी गोष्ट आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो ती. पहिल्याच पावतीवर जीएसटी नंबर होता. पत्ता पुण्याचा आणि नंबर 07 ने सुरू. बेळगावातल्या कुठल्याही दुकानदाराला झोपेतून उठवून विचारा, 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. आमचा अर्धा माल कोल्हापूर, इचलकरंजीहून येतो, हे दोन आकडे रोज डोळ्यांखालून जातात. 07 म्हणजे दिल्ली. पावती मी मोबाइलवर मोठी करून पाहिली होती. रक्कम पाहिली, शिक्का पाहिला, सही पाहिली. नंबर त्या शिक्क्याच्या वरच होता! तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. पावती आली की आधी तेच करा, रक्कम नंतर बघा. मी अडाणी नाही, तीस वर्षं दुकानदारी केली आहे. पण रीतसर छापलेली पावती देणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवणारच, जगात व्यवहार असेच चालतात.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण पैसे तोवर दुसऱ्या खात्यांत फिरले होते. तुमचे गेले तर त्याच तासात फोन करा, बँकेच्या मेसेजमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि पोलीस! इथल्या ठाण्यात म्हणाले, माल महाराष्ट्रात उतरला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे कर्नाटकातून गेले, तुम्ही कर्नाटकचे, तिकडेच द्या. मराठीत लिहिलेला अर्ज इथे परत केला, कन्नडात आणा म्हणून. मला कन्नड बोलता येतं, पण फिर्याद लिहिण्याइतकं नाही. कोर्टाजवळच्या लेखनिकाला 300 रुपये दिले, तर नवा साहेब आला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाला. 1956 पासून आम्ही या रेषेवर राहतोय. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याला वेळ लागेल हे समजू शकतो. पण चोराचा टेम्पो ही सीमा तासाभरात ओलांडतो आणि माझी फिर्याद ओलांडू शकत नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं? कायदा तर उलट सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने फिर्याद घ्यायलाच हवी आणि तिची प्रत फुकट द्यायला हवी. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा. मी पाठवलं, तेव्हा कुठे फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. ‘एवढे जुने खेळणे कोण चोरतं’ हे वाक्य मात्र त्या ठाण्यात मला उभं करून ऐकवलं गेलं.

गुगलवर त्या कंपनीला चांगले अभिप्राय होते, सगळे एकाच आठवड्यातले. तारखा बघत जा. माल घरातून हलवायचा तर समोरच्याच्या गोदामात स्वतः जाऊन उतरवा. वाटेत गाडी बदलायची म्हटली की तिथूनच माल परत फिरवा.

माझ्या प्रत्येक कॅसेटच्या मागे, स्क्रूच्या शेजारी, हिरव्या ऑइलपेंटने बारीक नंबर घातलेला आहे, पार्लरमध्ये अदलाबदल होऊ नये म्हणून. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे कुणी अशा कॅसेट विकताना दिसला तर घेऊ नका. नंबराचा आणि माणसाचा फोटो काढा आणि जवळच्या ठाण्यात द्या. गेलेले नंबर 1 ते 212 असे सलग आहेत.